आजाराची तालीम

आजारी पडायलासुद्धा शिकावं लागतं, हे उमरखेडीच्या लोकांना कवडूनं पटवून दिलं. बाजाराचा दिवस होता, म्हणून कापूस वेचणीला सुट्टी होती. विहारासमोर ताडपत्री अंथरली होती, तिच्यावर अर्धं गाव बसलं होतं, आणि साठी उलटलेला कवडू मधोमध उभा राहून कण्हायचं कसं ते दाखवत होता.

"पोट दुखते म्हटलं का पोट धरून हासाचं नाई," तो म्हणाला. "आन् सगळ्यायनं पोटच नाई धराचं. अख्ख्या गावाचं पोट एकाच दिवशी दुखलं त साहेबाले वाटन, रातच्याले लग्नाची पंगत होती."

लोक हसले. कवडूनं हसू दिलं. लोकांना कधी हसवायचं आणि कधी गप्प करायचं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरुणपणी तो दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, कामं करायचा. राणी झाला, सावकार झाला, पण त्याची खरी ख्याती मरायच्या कामासाठी. कवडू मरायला लागला की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावायच्या, आणि तो उठून पाया पडेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. पुढे गावच्या आरोग्य केंद्रात शिपायाची नोकरी लागली, दंडार सुटली. आता तर नोकरीही संपून काही वर्षं झाली होती. पण अंगातली कला अशी थोडीच जाते.

"घाम पायजे असन त कपाळाले पाणी लावा," तो सांगत होता. "थंडीच्या दिवसात मानसाले घाम सुटला का डॉक्टरचं काळीज लकलकते. म्यां वीस वर्षं दारात बसून पाह्यलं हाय. आन् कोनी म्हटलं, नाटक करून राह्यला का, त तनतन कराची नाई. डोळे खाली घालाचे, आन् हळूच म्हनाचं, 'खरंच दुखून राह्यलं जी.'"

हे शेवटचं वाक्य त्यानं अशा आवाजात म्हटलं की ताडपत्रीवरचं हसणं एकदम थांबलं. मग पुढेच बसलेल्या तानबानं टाळी वाजवली आणि सगळे पुन्हा हसले.

विहाराच्या पायरीवर सुलोचना सिस्टर बसली होती. तिला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती, कारण हे सगळं खूळ तिच्याच डोक्यातून निघालं होतं. उमरखेडीच्या केंद्रात ती कंत्राटी नर्स. कंत्राट वर्षावर्षाचं, पण त्या वर्षावर्षातच तिचे केस पांढरे झाले. गावातली कितीतरी पोरं तिच्या हातात जन्मली. ज्यांनी नवस बोललेला असायचा ते गिरडच्या टेकडीवर बाबाच्या दर्ग्यात पोराचं जावळ काढायचे, आणि येताना तिच्यासाठी हटकून प्रसाद आणायचे. ती विहारात जाणारी बाई, पण तो प्रसाद तिनं कधी नाकारला नाही.

केंद्राची दशा मात्र पाहवत नव्हती. आधी रक्त तपासणाऱ्याचं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालंच नाही. मग छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढणारा गेला, त्याचं मशीन कापडाखाली झाकून ठेवलं. मग रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर गेला, आणि गाडी कडुनिंबाखाली उभी राहून राहून तिचे टायर जमिनीला टेकले. डॉक्टर एकच, तीही दोन केंद्रांत वाटलेली. माणसं कमी झाली तसे पेशंट कमी झाले. ज्यांच्याजवळ चार पैसे होते ते हिंगणघाटच्या खाजगी दवाखान्यात जाऊ लागले, ज्यांच्याजवळ नव्हते ते घरीच अंगावर काढू लागले. आणि आता वरून एक समिती येणार होती. पेशंट येतात की नाही ते पाहणार, येत नसतील तर केंद्र एका कंपनीच्या ताब्यात देणार. आधी गायीचा चारा तोडायचा, आणि मग दूध देत नाही म्हणून तिला बाजारात उभी करायची, असला हा न्याय. कंपनी आली की कोणत्या तपासणीला किती मोजावे लागतील, हे कोणी सांगत नव्हतं.

"पेशंट पायजे ना त्यायले?" सुलोचना सरपंच किसनरावांना म्हणाली होती. "पाहू द्या मंग."

किसनराव शेतकरी माणूस, आडवळणाचं बोलणं त्यांना जमायचं नाही, पण ही युक्ती त्यांना एकदम पसंत पडली. डॉक्टर मॅडमला मात्र काही सांगायचं नाही, असं ठरलं. डॉक्टर अंकिता नागपूरची, नवीन, आणि खोटं बोलण्याच्या बाबतीत अगदीच कच्ची. तिच्या मनातलं तिच्या तोंडावर आधी उमटायचं. तेव्हा तिला न सांगणंच बरं, असं सुलोचनाला वाटलं. शहाणी बाई, पण घोडचूक अशी शहाण्या माणसाच्याच हातून होते.

समिती आली त्या सकाळी हाडं गोठवणारी थंडी होती. बायका स्वेटरवर शाल लपेटून आल्या. मजुरी बुडवून आल्या, हे विसरता येत नाही. कुणी कंबर धरली, कुणी डोक्याला फडकं बांधलं. तानबानं एक पाय असा काही ओढत आणला की फाटकातून आत येईपर्यंत तो डावा होता आणि पडवीत येईपर्यंत उजवा झाला. नशीब, साहेब तेव्हा गाडीतून उतरत होते.

गर्दीनं भरलेली पडवी पाहून सुलोचनाला भरून आलं. पूर्वी सोमवारी अशीच गर्दी असायची. पोरं रडायची, म्हाताऱ्या भांडायच्या, आणि कवडू दारात उभा राहून नंबर पुकारायचा. क्षणभर तिला वाटलं, हे सगळं खरंच आहे. सुख झालं तिला, खोटं कशाला सांगा.

कवडू जरा उशिरा आला. त्याची पोरगी काजल त्याला स्कूटीवर बसवून घेऊन आली. काजल नवरा गेल्यावर बापाकडेच राहायची, गावात शिवणकाम करायची. तिनं त्याला हाताला धरून भिंतीकडच्या बाकाच्या टोकाला बसवलं, आणि गाडी बाजूला लावायला गेली. कवडू भिंतीला टेकला, उजव्या हातानं डावा दंड धरून बसला.

सुलोचना हातात केसपेपरचा गठ्ठा घेऊन तिथून चालली होती. तिनं पाहिलं, कवडूच्या कपाळावर पाणी निथळत होतं, गालावरून मानेत उतरत होतं.

"कवडूभाऊ," ती वाकून हळूच म्हणाली, "पाणी जरा जास्तीच झालं जी."

कवडूनं तिच्याकडे पाहिलं. मग डोळे खाली घातले.

"सिस्टर," तो म्हणाला, "खरंच दुखून राह्यलं जी."

तेच वाक्य. तोच आवाज. सुलोचनानं ओठ दाताखाली दाबून कसंबसं हसू आवरलं. त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, "बसा, बसा. नंबर येते तुमचा." तेवढ्यात समितीच्या साहेबांनी हाक मारली, आणि ती पुढे गेली.

"सिस्टर, रोज एवढी गर्दी असते?" साहेबांनी विचारलं.

"रोजच असते साहेब," सुलोचना म्हणाली. जीभ जराही अडखळली नाही.

साहेबांनी गर्दीकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि औषधाच्या खोलीकडे वळले.

आत डॉक्टर अंकिता एकेकाला तपासत होती, आणि मन लावून तपासत होती. तिला काय माहीत, बाहेर बसलेली जत्रा सोंगांची आहे म्हणून. ती प्रत्येकाची नाडी पाहत होती, जीभ पाहत होती, छातीला नळी लावत होती. रांग सरकतच नव्हती. सुलोचना आत गेली तेव्हा खुर्चीवर जयवंता बसली होती. जयवंता म्हणजे किसनरावांची वहिनी. चक्कर येते असं खोटं सांगायला आली होती. सुलोचनाला पाहून तिनं डॉक्टरची नजर चुकवून डोळा मिचकावला.

डॉक्टरनं तिच्या दंडाचा पट्टा सोडला, पुन्हा आवळला, पुन्हा पाहिलं.

"सुलोचनाताई, यांचं बीपी बघा," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "दोनशेच्या वर आहे. अहो, या चालत आल्याच कशा? आत झोपवा यांना. घरी सोडायचं नाही."

"असं कसं?" जयवंता म्हणाली. "मले त काईच नाई झालं."

"चक्कर येते म्हणालात ना?"

जयवंतानं सुलोचनाकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा मिश्कीलपणा हळूहळू उतरला. सुलोचनानं पट्टा स्वतः बांधून पाहिला. काटा तिथेच जाऊन थांबला. खोटं आजारपण घेऊन आलेली बाई खरी आजारी निघाली होती. मग बाहेर बसलेल्यांचं काय? आणि या विचाराबरोबरच तिला कवडूचं कपाळ दिसलं. त्यानं शिकवताना काय सांगितलं होतं? कपाळाला पाणी लावा. मग मानेपर्यंत निथळेल एवढं पाणी, असल्या थंडीत, मुरलेला नट कशाला लावून घेईल?

ती पडवीत धावली.

कवडू बाकावरून अर्धा घसरला होता. त्याचं डोकं शेजारच्या म्हातारीच्या खांद्यावर होतं, आणि म्हातारी तोंडाला पदर लावून हसू लपवत होती. आजूबाजूचे चारदोन जण कौतुकानं पाहत होते.

"सिस्टर," तानबा हळूच म्हणाला, "कवडू त आज दंडारीतल्याहून भारी मरून राह्यला."

सुलोचना ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवलं नाही. डॉक्टर धावत आली, कवडूला जमिनीवर निजवलं, दोन्ही हातांनी त्याची छाती दाबू लागली. साहेब औषधाच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. कुणीतरी कापडाखालच्या मशीनकडे गेलं आणि परत आलं, कारण ते चालवणार कोण? कुणीतरी फोनवर रुग्णवाहिका मागवली, ती दुसऱ्याच गावाला गेलेली होती. आपली गाडी कडुनिंबाखाली होती. काजल गर्दी ढकलत पुढे आली आणि बापाच्या पायाशी बसली. तिनं आरडाओरडा केला नाही. तिनं त्याचे पाय चोळायला सुरुवात केली, आणि डॉक्टर थांबली तरी ती चोळतच राहिली.

त्या दिवशीचं केंद्राचं काम तिथेच बंद झालं. लोक जसे आले होते तसे परतले, फक्त आता कुणी लंगडत नव्हतं.

"मशीन बंद, गाडी बंद," किसनराव संध्याकाळी सुलोचनाला म्हणाले. "सरकारनं मारलं त्याले. आपन येवढंच बोलाचं. बाकीचं तोंडातून काढू नोका सिस्टर. नाई त केंद्रही जाईन आन् तुमीही जासान."

यात खोटं काही नव्हतं. मशीन चालू असतं, माणूस असता, तर कवडू वाचला असता. पण सुलोचना स्वतःला किती फसवणार? मशीनला दिसलं असतं ते तिला नुसत्या डोळ्यांनी दिसलं होतं, आणि ती हसली होती. तालमीची गोष्ट डॉक्टर अंकिताला तानबाकडूनच कळली. तिनं सुलोचनाला खोलीत बोलावलं. ती चिडली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं.

"मला सांगितलं असतंत तर मी आधी पडवीतून एक चक्कर मारली असती," ती एवढंच म्हणाली. "खरा माणूस ओळखू आला असता मला."

सुलोचना काजलला भेटायला दोनदा निघाली आणि विहारापर्यंत जाऊन परत आली. कोणत्या तोंडानं जाणार होती?

थोड्याच दिवसांनी गावात सभा भरली. त्याच जागी, त्याच ताडपत्रीवर. समितीचे साहेब खुर्चीवर बसले होते, शेजारी किसनराव. साहेबांनी आधी कवडूबद्दल दुःख व्यक्त केलं, मग पाण्याचा घोट घेतला, आणि निर्णय सांगितला. इथे रुग्णांची प्रचंड गर्दी असते, हे समितीनं स्वतः पाहिलं. एवढी गर्दी सांभाळण्याइतकी माणसं केंद्राकडे नाहीत. त्यामुळेच एका रुग्णाचा पडवीत मृत्यू झाला. तेव्हा लोकांच्या हितासाठी केंद्र एका सक्षम कंपनीकडे सोपवण्यात येत आहे.

घ्या. पेशंट नव्हते तेव्हा पेशंट नाहीत म्हणून देणार होते, आता पेशंट फार झाले म्हणून देत होते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही खणणारे हात एकच. पण हे गावात कुणाला मोठ्यानं म्हणता येईना. गर्दी तर त्यांनीच दाखवली होती.

सुलोचना उठून उभी राहिली. किसनरावांनी डोळे वटारले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "थे गर्दी खोटी होती. म्यांच बोलावलती. कवडूभाऊ गर्दीनं नाई गेले. माह्यासमोर त्यायले घाम फुटला होता, मले त्यायनं सांगतलं होतं दुखते म्हनून, आन् मी हासली. त्याची सजा मले द्या. पन केंद्र देऊ नोका कोनाले."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना राग आलेला दिसला नाही. उलट एक अवघड काम सोपं झाल्यासारखा त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"म्हणजे इथे पेशंट येतच नाहीत," ते म्हणाले. "तुम्हीच म्हणताय. मग तर केंद्र ठेवायचंच कशाला? बाई, मला एक सांगा. त्या दिवशी त्या पडवीत खरे पेशंट होते तरी किती?"

सुलोचनानं ताडपत्रीवरच्या एकेका तोंडाकडे पाहिलं.

"एक होता."

बायकांच्या मागच्या बाजूनं आवाज आला. काजल उठली होती.

"माहा बाप," ती म्हणाली. "सकाळी उठला तवापासून त्याची छाती दुखत होती. हात दुखत होता. म्यां गाडी काढली, म्हटलं, बाबा, हिंगनघाटले चाला. थो म्हने, नाई. म्हने, आज तिकडं गेलो त माहा आजार तिकडचा होते. मी लय भांडली त्याच्यासंग. त म्हने, पोरी, येवढ्या गावाले खोटं बोलाले शिकवलं म्यां. उद्या कोनी विचारलं, याच्यातला खरा कोनता, त सिस्टरनं कोनाकडे बोट दाखवाचं? एक त खरा पायजे का नाई. मले नेऊन बसव तेथी."

ती थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"खुशीत होता," ती म्हणाली. "एवढं दुखत होतं तरी खुशीत होता. मले म्हने, आज सोंग करा लागत नाई."

सुलोचना जिथे उभी होती तिथेच मटकन खाली बसली. 'खरंच दुखून राह्यलं जी.' तो तिला फसवायला नव्हता बोलला, घाबरूनही नव्हता बोलला. तिच्यासाठी आणलेली वस्तू तिच्या हातात द्यावी तसं तो ते वाक्य तिला देत होता, आणि तिनं त्याच्या खांद्यावर थोपटून त्याला नंबरात बसवलं होतं. आता तिला रडू फुटलं. कुणी तिला उगी केलं नाही, आणि कुणी तिच्यापासून दूरही सरकलं नाही.

"दोन," जयवंता म्हणाली.

ती बसल्या जागेवरूनच बोलली, कारण एकदम उठायचं नाही असं डॉक्टरनं तिला बजावलं होतं. तिनं कंबरेच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून वर धरलं. "मी खोटी आलती, साहेब. डॉक्टरीनबाईनं मशीन लावली त खरी निंगाली. नाई आली असती त घरीच पडली असती एखाद्या दिवशी."

साहेबांनी ताडपत्रीकडे पाहिलं. "आणखी कोणी?"

कुणीच उठलं नाही. तानबानं मान खाली घातली. त्या दिवशी कंबर धरून आलेल्या, डोक्याला फडकं बांधून आलेल्या सगळ्या बायका तिथेच बसल्या होत्या, आणि एकमेकींकडे पाहत होत्या. साहेबांनी खिशातून पेन काढलं, कागदावर दोन असं लिहिलं, आणि सभा संपल्याचं सांगितलं.

बाकीच्यांनी काय सांगावं? आपल्याला काही आहे की नाही, हे त्यांना माहीतच नव्हतं. कवडू पडला तेव्हा दवाखाना बंद झाला, आणि त्यांची तपासणी राहूनच गेली होती.